वाळीत टाकणारा एकोपा

मे २०१९ मध्ये अंबरनाथ येथे कंजारभाट समाजातील एका वृद्धेचे निधन झाले. मर्तिकाच्या घरी बोलावणे धाडावे लागत नाही. भाऊबंद आणि सोयरे आपण होऊन जमतात. वर्षानुवर्षांची भांडणेसुद्धा त्या दिवसापुरती उंबऱ्याबाहेर ठेवली जातात. या घरी जातीची माणसे आली नाहीत. जातपंचायतीने तसे फर्मान काढले होते, अशी तक्रार मृत वृद्धेच्या नातवाने पोलिसांत नोंदविली आणि सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली चौघांवर गुन्हा दाखल झाला.

वृद्धेचा अपराध कोणता होता? तिचा काहीच नव्हता. अपराध होता तो नातवाचा. लग्नाच्या रात्री वधूचे कौमार्य तपासून त्याचा निकाल पंचांसमोर जाहीर करण्याची जी रूढी या समाजात आहे, तिच्याविरुद्ध त्याने व त्याच्या काही तरुण सोबत्यांनी उघड मोहीम सुरू केली होती. व्हॉट्सॲपवरील एका गटातून ती सुरू झाली. पुढे त्याने स्वतःच्या विवाहात ही परीक्षा होऊ दिली नाही. त्यानंतर वर्षभर या कुटुंबाशी बोलणेचालणे, लग्नकार्य, येणेजाणे सारे तोडण्यात आले होते, असे त्याचे म्हणणे. आजीचे मर्तिक ही या बहिष्काराची शेवटची पायरी म्हणावयाची.

कौमार्य परीक्षेच्या बऱ्यावाईटपणाविषयी या पानाच्या वाचकांत मतभेद असण्याचे कारण नाही. ती स्त्रीची विटंबना आहे, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्याच्या गृहराज्यमंत्र्यांनी अशा परीक्षेला लैंगिक अत्याचार मानले जाईल असे जाहीरही केले होते. विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. आपल्यातलाच एक जण आपल्याहून वेगळे बोलू लागतो, तेव्हा समाज त्याचे काय करतो? अंबरनाथच्या प्रकरणात त्या तरुणाचे म्हणणे चूक का, हे पंचांनी सांगितले नाही. तो आपला नव्हे, एवढेच ठरविले. वाद करणाऱ्यालाच घराबाहेर काढले म्हणजे वाद मिटतो, अशी ही समजूत. ती फार जुनी आहे आणि कंजारभाटांपुरती तर मुळीच नाही.

पंचायतीला शिव्या घालून हातावेगळे होण्याआधी तिचा इतिहास ध्यानात घ्यावयास हवा. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत कंजारभाटांची गणना झाली. पोलिसांची हजेरी, काटेरी तारेतल्या वसाहती, गावकऱ्यांचा संशय, यांतून या जमातींच्या पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने त्या विमुक्त झाल्या; कायद्याच्या पुस्तकातून शिक्का गेला, ठाणेदाराच्या डोक्यातून तो गेला असे म्हणण्याचे धाडस आजही कोणी करणार नाही. ज्यांना सरकारी न्यायालय म्हणजे शिक्षेचे दार, पोलीस म्हणजे वैरी आणि गाव म्हणजे परके, त्यांना न्याय मागण्यास एकच जागा उरली होती, ती म्हणजे आपली पंचायत. जातीचा एकोपा हे त्यांचे चिलखत होते. एकाला मोकळीक दिली तर उद्या सारी जात विस्कटेल आणि मग आपणास वाली कोण, ही पंचांची भीती निव्वळ ढोंग नाही.

परंतु या चिलखताची किंमत कोण देत आले, हाही प्रश्न विचारला पाहिजे. पंच पुरुष, दंड ठरविणारे पुरुष, आणि परीक्षा मात्र वधूची. बाहेरच्या जुलमाशी लढण्यासाठी बांधलेला एकोपा आतल्या दुबळ्याच्या पाठीवर उभा राहतो, तेव्हा त्याचे मूळ प्रयोजन संपलेले असते. मोहीम उघडणारे तरुण जातीचे शत्रू नव्हते. बाहेरच्या कोणा सुधारकाने त्यांना शिकवून पाठविले नव्हते. जातीचा एकोपा टिकावा, पण तो याहून बऱ्या पायावर टिकावा, एवढेच ते म्हणत होते. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरी येथे एका लग्नसमारंभात या गटातील तिघांना मारहाण झाली.

त्याच सुमारास पुण्यात याच समाजातील मंडळींनी मोर्चा काढला आणि आमच्या चालीरीतींत ढवळाढवळ करू नका अशी मागणी केली. मोर्च्यात स्त्रियाही होत्या. पुरोगामी मंडळींची त्या दिवशी मोठी पंचाईत झाली. कित्येकांनी त्या स्त्रियांना पुढे करण्यात आले आहे, त्यांचे हे स्वतःचे मत नव्हेच, असे म्हणून विषय संपविला. हे बरोबर नव्हे. ज्या स्त्रीचे मत आपणास पटते ती स्वतंत्र, आणि न पटणाऱ्या मताची ती कोणाच्या तरी हातची बाहुली, असा न्याय लावता येत नाही. मोर्चा काढणाऱ्या स्त्रियांना आपले मत मांडण्याचा जेवढा अधिकार होता, तेवढाच मोहिमेतील तरुण-तरुणींना होता. फरक पडतो तो पुढे. मोर्च्यातील स्त्रिया संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या माणसांत परतल्या; त्यांच्या मतासाठी त्यांचे कोणी पाणी तोडले नाही. दुसऱ्या बाजूच्या आजीच्या मर्तिकाला जातीचे माणूस आले नाही. समाजात बहुसंख्य कोणत्या बाजूस आहेत यापेक्षा वेगळे बोलणाऱ्याला त्याची किती किंमत मोजावी लागते, यावरून त्या समाजाची पारख करावी.

पांढरपेशा वाचकाने येथे निःश्वास टाकून, आपल्यात असे काही नाही बुवा, असे म्हणू नये. ‘ग्रामण्य’ हा शब्द मराठीत विमुक्तांनी आणलेला नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल जे प्रकरण माजले, त्यात टिळक आणि रानडे या दोघांनाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. गोपाळ गणेश आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले, आणि त्यांना घरात घेतल्यास घरच्यांनाही तेच भोगावे लागेल असा धाक घातला. कर्व्यांच्या बाबतीत आणि अंबरनाथच्या तरुणाच्या बाबतीत तंत्र एकच दिसते: शिक्षा ज्याला द्यावयाची त्याला सोडून त्याच्या आईला, आजीला, बहिणीला द्यावयाची. माणूस स्वतःपुरता बहुधा टिकून राहतो. वाकतो तो घरच्यांच्या डोळ्यांतले पाणी पाहून. हे पंचांना पक्के ठाऊक असते.

कायद्याची कथाही बोधप्रद आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कृतीस प्रतिबंध करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्दबातल ठरविला. धर्माच्या आधारावर एखाद्यास पंथाबाहेर काढणे हा धर्मसंस्थेच्या आपला कारभार पाहण्याच्या अधिकाराचा भाग होय, असा बहुमताचा आशय होता. वेगळे मत देणारे एकटे न्यायमूर्ती म्हणजे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. बहिष्कृत माणसाची स्थिती अस्पृश्यासारखी होते, हे त्यांनी ओळखले होते. वेगळे मत असण्याचा अधिकार काय मोलाचा असतो, हे सांगण्यास वेगळे पडलेल्या न्यायमूर्तीचेच निकालपत्र उपयोगी पडावे, हा योगायोग खरा. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा प्रश्न फेरविचारासाठी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्याचे ठरविले.

मधल्या काळात बोहरा समाजातील सुधारकांनी काय सोसले, हे जुन्या कार्यकर्त्यांस सांगावयास नको. जयप्रकाशांनी स्थापन केलेल्या ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’च्या वतीने निवृत्त न्यायमूर्ती नरेंद्र नथवानी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि १९७९ मध्ये त्याचा अहवाल आला. असगर अली इंजिनिअर यांनी आयुष्यभर ही झुंज दिली. हमीद दलवाई यांनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा त्यांच्याही वाट्याला आप्तस्वकीयांचा रोष आला. या सर्वांना एक दूषण समान ऐकावे लागले: घरातले भांडण बाहेर का नेता? उत्तर सरळ आहे. घरात बोलण्याची सोय असती तर बाहेर कोण गेले असते?

महाराष्ट्राचा नवा कायदा १३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळात संमत झाला आणि राष्ट्रपतींच्या मान्यतेनंतर ३ जुलै २०१७ पासून अंमलात आला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतींविरुद्ध जी मोहीम चालविली, तिचे हे फळ होय. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. अंबरनाथचा गुन्हा याच कायद्याखाली नोंदला गेला. कायदा हवाच. मात्र त्याची मर्यादा मर्तिकाच्या घरी लगेच कळते. पोलीस फर्मान काढणाऱ्यास अटक करू शकतील. शेजारणीने येऊन चूल पेटवावी, भाकरतुकडा आणून द्यावा, अशी नोटीस कोणत्याही न्यायालयास काढता येणार नाही.

हे सारे दुसऱ्यांविषयी झाले. समाजवाद्यांनी स्वतःच्या घराकडेही एकदा पाहिलेले बरे. १९५५ मध्ये प्रजासमाजवादी पक्षाच्या मुंबई शाखेने मधू लिमये यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई केली. अशोक मेहता यांच्या काँग्रेसविषयक धोरणावर त्यांनी उघड टीका केली होती, एवढेच कारण. लोहिया लिमयांच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्यावरही कारवाई झाली, आणि १९५५ च्या अखेरीस वेगळा समाजवादी पक्ष निघाला. टीका बरोबर होती की चूक, हा वाद आजही रंगतो. पण एका तरुण सभासदाचे न पटणारे बोलणे पक्षाला पचविता आले नाही आणि त्यापायी सारा पक्ष दुभंगला, ही गोष्ट दोन्ही बाजूंस मान्य व्हावी. पुढे १९६४ चे एकीकरण, पुन्हा फूट, १९७१ चे पुन्हा एकीकरण. पाळणाघरातल्या मुलांनीही इतक्या वेळा कट्टी आणि बट्टी केली नसेल. शिस्त आणि बहिष्कार यांतील सीमारेषा पुसट झाली की काय होते, याचा अनुभव या चळवळीस पुस्तकातून घ्यावा लागत नाही. पंचांवर बोट ठेवताना आवाज थोडा खाली असावा, इतकेच.

अंबरनाथच्या अलीकडचे स्थानक उल्हासनगर. मतभेद बाळगूनही एकत्र राहता येते, याचा दाखला तेथे मिळतो. आणि तो दाखला वाटतो तितका गोड नाही, हेही तेथेच कळते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण छावणीत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित येऊन राहिले. ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. रहिवाशांच्या तोंडी कॅम्प एक ते कॅम्प पाच हेच पत्ते राहिले. घर, जमीन, दुकान, गाव, सारे गमावलेल्या या लोकांजवळ एक भाषा तेवढी उरली होती. आणि तीच कोणत्या लिपीत लिहावी, यावर त्यांचे आपसांत जुंपले. सिंधीची अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपी इंग्रज अमदानीत १८५३ मध्ये ठरली. त्या वेळीही कॅप्टन स्टॅक देवनागरीच्या आणि रिचर्ड बर्टन अरबीच्या बाजूचे होते. फाळणीनंतर १९४८ मध्ये भारत सरकारने देवनागरी पुढे केली. जयरामदास दौलतराम यांच्यासारखे नेते तिचे कैवारी होते. नव्या देशात मुलांना हिंदी-मराठीशी जोडून घ्यावयाचे तर तीच लिपी सोयीची, असे त्यांचे म्हणणे. अनेक साहित्यिक त्यांच्या विरुद्ध उभे राहिले. शंभर वर्षांचे छापील वाङ्मय ज्या लिपीत आहे ती सोडली तर नातवंडांना आजोबांचे पत्रही वाचता येणार नाही, आणि घर तर गेलेच आहे, आता दप्तरही टाकून द्यावयाचे काय, असा त्यांचा सवाल होता.

हा वाद काही सौम्य नव्हता. देवनागरीवाल्यांना परंपरेचे मारेकरी आणि अरबीवाल्यांना फाळणीनंतरही शहाणपण न आलेले ठरविण्यापर्यंत मजल जाऊ शकत होती, आणि गेलीही. तरी निकाल काय लागला? दोन्ही लिपींस मान्यता मिळाली. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला, तेव्हा तेथे भाषेचे नाव नोंदले गेले. लिपीचा उल्लेख अनुसूचीत नाही. त्या मागणीसाठी दोन्ही लिपींचे लोक एकत्र होते. कोणी कोणाच्या मर्तिकाला जाणे बंद केले नाही. ज्या समाजाच्या एकाच घरात झूलेलाल आणि गुरू नानक यांच्या तसबिरी शेजारीशेजारी असतात आणि शाह लतीफचे बैत ही ज्याची पिढीजात ठेव आहे, त्याला दोन लिप्या जड जाण्याचे कारण नव्हते.

यावर आक्षेप येतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. सहिष्णुतेने मिळविले काय? उल्हासनगरात सिंधी माध्यमाच्या शाळा ओस पडत गेल्या, नवी पिढी घरी हिंदी बोलते, आणि आता काही जण सिंधी रोमन लिपीत लिहावी असे सुचवितात. एक लिपी खंबीरपणे लादली असती तर भाषा वाचली असती, असे म्हणणारे जाणते लोक आहेत. आक्षेपात तथ्य आहे. मूठभर वाचकांसाठी दोन लिपींत पाठ्यपुस्तके, दोन लिपींत शिक्षक, हा भार खराच होता. परंतु भाषेला खरी ओहोटी लावली ती पोटाच्या प्रश्नाने. स्वतःचे राज्य नसलेल्या, देशभर विखुरलेल्या, व्यापारावर जगणाऱ्या समाजाने मुले इंग्रजी शाळांत घातली, ती लिपीच्या भांडणाला कंटाळून नव्हे. मराठी मध्यमवर्गाने एका निर्वेध लिपीच्या छायेत नेमके तेच केले आहे. आणि बळाने एक लिपी लादली असती, तर निम्मे लेखक तेव्हाच मुके झाले असते. मुक्या लेखकांच्या जोरावर भाषा वाचल्याचे उदाहरण कोणी दाखवावे. तरीही उणीव राहिली ती मान्य केली पाहिजे: सिंधी पुढाऱ्यांनी मतभेद सोसले, पण त्यांतून पुढे वाट काढण्याचे काम अर्धवट सोडले. एकमेकांना वाळीत न टाकणे ही पहिली पायरी झाली. त्यानंतर एकाच टेबलाशी बसून दोन्ही लिपी शिकविणारी एक शाळा कशी चालवावी हे ठरवावे लागते. ते फारसे झाले नाही.

राहिले बदलापूर. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार घेण्यातील दिरंगाईने संतापलेल्या नागरिकांनी २० ऑगस्ट रोजी तासन्‌तास लोकल गाड्या रोखून धरल्या. तो संताप रास्त होता. त्यावाचून यंत्रणा हलली नसती. पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मरण पावला, आणि गावात पेढे वाटले गेले. त्या दिवसांत, गुन्हा अघोर आहे आणि तरीही शिक्षा न्यायालयानेच द्यावयास हवी, ही दोन वाक्ये एका दमात म्हणणारा माणूस बदलापुरात एकटा पडला. लहान मुलींच्या बाजूचा तू आहेस की नाहीस, एवढाच प्रश्न त्याला विचारला जाई. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूस पाच पोलिसांना जबाबदार धरले, तेव्हा त्या एकट्याची शंका निराधार नव्हती हे दिसले. आरोपीच्या प्रेताला तर बदलापूर आणि अंबरनाथ या दोन्ही गावांत जागा मिळेना. उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यानंतर उल्हासनगरात, तेथील विरोधाला न जुमानता, पोलीस बंदोबस्तात दफन करावे लागले. निरपराध वृद्धा आणि गंभीर गुन्ह्याचा आरोपी यांची तुलना कोणी करणार नाही. पण मृताच्या घरच्यांवर सूड उगविण्याची रीत कंजारभाटांच्या पंचायतीची आणि सुशिक्षित चाकरमान्यांच्या उपनगराची एकच निघाली, हे नोंदविणे भाग आहे.

या तीन गावांतील पक्षकार्यकर्त्यांनी करावयाचे काम त्यामानाने साधे आहे. अंबरनाथ हे कामगारांचे गाव आहे. दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात आणि औद्योगिक वसाहतीत नाना जातींची माणसे एका पाळीला एकत्र डबा उघडत आली आहेत. जातपंचायतीचे फर्मान जातीतल्या माणसावर चालते. शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या परजातीच्या माणसावर त्याचा काडीचा अंमल नाही. वाळीत पडलेल्या घरी पुढच्या वेळी मर्तिक झाले, तर पोलीस ठाण्यात निवेदन घेऊन जाणारे शिष्टमंडळ दुपारी निघाले तरी चालेल. सकाळी तेथे चार खांदेकरी हवेत, आणि त्यांच्या मागोमाग घरच्यांसाठी पिठले-भाकरी घेऊन जाणाऱ्या दोन बाया.